परकें वाद्य, आपला गळा

एकाद्या नामांकित वादकाचें चरित्र हातीं घेतलें, कीं पहिल्याच पानावर बहुधा एक वाक्य वाट अडवून उभें असतें : संगीत त्यांच्या रक्तांतच होतें. या वाक्यानें चरित्रकाराचें काम सोपें होतें, पण वाचकाच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. रक्तांत काय होतें हें कोणालाच दिसत नाहीं. घरांत काय होतें, गांवांत कोण गात होतें, हातीं आलेलें वाद्य कोणीं बनविलें होतें, आणि पहिल्या दहा वर्षांत त्या मुलाच्या कानांवर काय पडलें, हें मात्र शोधतां येतें. आज तेवढाच शोध घेण्याचा माझा विचार आहे, आणि तोहि मुख्यतः आपल्या सातारा-सांगलीकडच्या मुलुखांत.

श्रोतेहो, हल्लीं शहरांतील सुशिक्षित घरांत एक गिटार भिंतीला टेकून उभी असते. पूर्वी त्या जागीं बाजाची पेटी असे. मुलगा किंवा मुलगी शाळेंतून आल्यावर ती गिटार छेडीत बसते, आणि वडील मंडळी मनांतल्या मनांत म्हणतात, हें सारें ठीक आहे, पण यांत आपलें गाणें कधीं येणार ? हा प्रश्न मला मुळींच अस्थानीं वाटत नाहीं. तो आपल्याकडे यापूर्वीं व्हायोलिनच्या बाबतींत विचारला गेला, आणि त्याचें एक उत्तर सातारा जिल्ह्यांतल्या औंधासारख्या लहानशा संस्थानांत घडत होतें. पण प्रथम गिटारीची अडचण काय ती पाहूं.

अडचण तिच्या पडद्यांत आहे. सतारीलाहि पडदे असतात. पण ते कमानदार असतात, दांडीवर दोऱ्यानें बांधलेले असल्यामुळें मागें-पुढें सरकवितां येतात, आणि त्यांवर तार आडवी ओढून एका पडद्यावरून चार-पांच स्वरांची मींड सहज काढतां येते. गिटारीचे पडदे दांडींत पक्के ठोकलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ते बसविलेले असतात, आणि एकदां बसले कीं बसले. दरबारीचा आंदोलित गंधार, तोडीचा अति कोमल गंधार, हे कांहीं त्या बारांतले नव्हेत. गवयाच्या गळ्यांत स्वर हा एक ठिपका नसतो, तो एक रस्ता असतो. आणि गिटारीच्या दांडीवर रस्त्याऐवजीं पायऱ्या आहेत.

यावर उपाय निघाला तो हवाई बेटांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नांवाच्या तेथील एका मुलानें पोलादाचा तुकडा गिटारीच्या तारांवरून घसरवीत वाजविण्याची रीत रूढ केली, असें सांगतात. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची, तारा दांडीपासून उंच उचलावयाच्या, आणि डाव्या हातांतला पोलादी तुकडा त्यांवरून फिरवावयाचा. पडदे जेथल्या तेथें राहिले, पण त्यांचा अधिकार संपला. १९४० च्या दशकांत हवाई बेटांतून आलेला टाऊ मो हा वादक आपल्या कुटुंबासह कलकत्त्यास राहत होता. त्याच्यासारख्यांच्या वादनामुळें ही गिटार त्या शहरांत लोकप्रिय झाली. पुढें लखनौचे व्हॅन शिपले यांनीं विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि त्या घरोघर गेल्या. हेच शिपले व्हायोलिनहि तितक्याच सफाईनें वाजवीत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

चाल वाजविणें निराळें आणि राग वाजविणें निराळें. तें दुसरें काम ज्यांनीं केलें ते ब्रिजभूषण काब्रा. जन्म १९३७ चा, जोधपूरचा. वडील संगीताचे मोठे चाहते. थोरले बंधु दामोदरलाल सरोद वाजवीत आणि अलीअकबर खांसाहेबांचे शिष्य होते. अशा घरांत धाकट्यानें गिटार हातीं धरली, तेव्हां ती कोणाला फारशी रुचली नसेल, याची कल्पना आपण करूं शकतों. परंतु हा मुलगाहि अलीअकबरांचाच शिष्य झाला. आतां पाहा, त्यांना गिटार वाजविणारा गुरु मिळाला नाहीं. मिळाला तो सरोदिया. सरोदाला पडदे नसतात, त्याच्या पोलादी पट्टीवरून बोटें घसरत जातात. म्हणून काब्रांच्या गिटारींत जें आलें तें हवाई बेटांतलें नव्हतें. तो सरोदाचा आलाप होता. १९६७ सालीं शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी आणि काब्रांची गिटार अशी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली, आणि देशांत व परदेशांत ती अमाप खपली. त्या तिघांपैकीं दोघांचीं वाद्यें रागदारीला अपात्र म्हणून त्या काळीं नाकें मुरडणारे जाणकार होते. काब्रा २०१८ सालीं वारले. त्यांचे शिष्य देवाशीष भट्टाचार्य, आणि जयपूरचे, रविशंकरांचे शिष्य विश्वमोहन भट यांनीं गिटारीला चिकारीच्या व तरफांच्या तारा जोडून तिचें रूपच पालटलें. भटांनीं तर तिला मोहनवीणा असें नांवहि देऊन टाकलें. १९९४ सालीं अमेरिकेंतलें ग्रॅमी पारितोषिक तिनें मिळविलें.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. व्हायोलिनला पडदेच नाहींत, म्हणून त्याची गोष्ट गिटारीहून सोपी असावी असें वाटतें. पण तें वाद्य उभें राहून, हनुवटीखालीं धरून, पुढें लिहिलेले कागद मांडून वाजवावयाचें, अशी त्याची घडण. दक्षिणेंत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभींच बालुस्वामी दीक्षितांनीं मद्रासेस एका युरोपियनाजवळ तें शिकून घेतलें आणि कर्नाटक संगीतांत त्याला कायमचें घर मिळालें. आपल्याकडे मात्र तें फिडल म्हणून नाटकगृहांत व लग्नाच्या मिरवणुकींत बराच काळ घुटमळत राहिलें.

सातारा जिल्ह्यांत किन्हई नांवाचें गांव आहे. तेथें १८८१ सालीं अनंत मनोहर जोशी जन्मले. संगीताच्या जगांत त्यांना सारे अंतुबुवा म्हणत. त्यांचे गुरु बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. ज्यांनीं ग्वाल्हेरीस जाऊन वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ख्यालाची विद्या मिळविली आणि ती महाराष्ट्रांत आणून रुजविली, तेच हे बुवा. अंतुबुवा औंधच्या दरबारचे गवई झाले. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांच्या टेकडीवरचें चित्रसंग्रहालय आजहि लोक पाहावयास जातात. चौऱ्याऐंशी तोफांच्या नव्हे, पांच-पंचवीस मैलांच्या संस्थानांत एवढी कलांची गर्दी कशी झाली, याचें आश्चर्य मला नेहमीं वाटतें.

अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा. १९११ सालीं मुंबईस, गिरगांवांत त्यांचा जन्म झाला. घरांत पहांटेपासून ग्वाल्हेरचा ख्याल. मुलगा गाऊं लागला यांत नवल नाहीं; नवल हें कीं त्यानें व्हायोलिनहि हातीं घेतलें, आणि तें कोणा वादकाकडे बसून नव्हे, तर मुख्यतः स्वतःच्या कानाच्या व हाताच्या जोरावर साधलें. हिंदुस्थानी पद्धतीनें एकट्या व्हायोलिनची मैफल रंगवून दाखविणाऱ्या पहिल्या कांहीं मंडळींत त्यांचें नांव घ्यावें लागतें.

येथें क्षणभर थांबून विचार करूं. ज्याला शिकवावयास कोणी वादक नाहीं, तो वाजवितो काय ? तो आपल्या घरांतलें गाणें वाजवितो. व्हायोलिनचा गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला म्हणजे गवयाचा एक श्वास झाला. गज परत फिरला कीं नवा श्वास. बंदिशीचे शब्द वादकाला उच्चारतां येत नाहींत, पण अक्षर कोठें पडतें हें ज्याला ठाऊक आहे तो तेथें गजाला अलगद झटका देतो, आणि ऐकणाऱ्याला शब्द ऐकल्याचा भास होतो. जो गायलाच नाहीं त्याला हा झटका कोठें द्यावा हें कळणार नाहीं. तो स्वर बरोबर लावील, तान जलद घेईल, पण त्याच्या वाजविण्यांत स्वल्पविराम नसेल. वाद्य खालीं बसून, त्याचें डोकें उजव्या पावलावर टेकवून, पोट छातीशीं धरून वाजवावयाची जी आपल्याकडची बैठक आहे, तिचेंहि कारण हेंच. तशा बैठकींत डाव्या हातावर वाद्य तोलून धरण्याचें ओझें राहत नाहीं. तो मोकळा होतो, आणि मोकळा हात असल्याखेरीज षड्जापासून पंचमापर्यंतची मींड एका बोटानें घसरत नेतां येत नाहीं. तारा लावण्याची रीतहि बदलली. चारी तारा एकीपासून दुसरी पंचमाच्या अंतरानें लावावयाच्या, ही विलायती रीत सोडून षड्ज-पंचमांच्या जोड्यांत त्या लावूं लागले, म्हणजे मोकळी तार केव्हांहि वाजली तरी ती तंबोऱ्याशीं भांडत नाहीं.

गजाननबुवांच्या घडणींतली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षांहि मोठी वाटते. वडिलांकडून ग्वाल्हेरची तालीम मिळाली असतां ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे गेले. पुढें जयपूर-अत्रौलीच्या भूर्जीखांकडे गेले. आणि स्वतः नांवारूपाला आल्यावर आग्ऱ्याच्या विलायत हुसेनखांपुढें शिष्य म्हणून बसले. तो काळ घराण्यांच्या कुंपणांचा होता. एका उस्तादाचा गंडा बांधलेल्यानें दुसऱ्याच्या दारीं जाणें हें पुष्कळांना द्रोहासारखें वाटे. बुवांनीं तें उघडपणें केलें. आकाशवाणीच्या सेवेंत असतांना मुंबईस आणि लखनौस त्यांचा किती तऱ्हेच्या कलावंतांशीं संबंध आला असेल ! १९७२ सालीं संगीत नाटक अकादमीचा मान त्यांना मिळाला. वडिलांना तोच १९५५ सालीं मिळाला होता. १९८७ सालीं बुवा वारले. आजचे श्रेष्ठ ख्यालगायक उल्हास कशाळकर हे त्यांचे शिष्य. बुवांची शिकवणी फार कडक होती अशी ख्याति आहे. ज्यानें स्वतः चार दारें झिजविलीं त्याला शिष्याचा आळस सहन होत नाहीं, हें मी समजूं शकतों. तथापि कडकपणा हीच विद्या, असा समज पुष्कळ शिक्षकांनीं करून घेतला आहे आणि त्यानें अनेक मुलांचें गाणें बंद पडलें आहे, हेंहि येथें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

औंधाहून दक्षिणेस निघालें म्हणजे कृष्णाकांठ लागतो. पलूस हें तेथलें गांव. विष्णु दिगंबर पलुसकरांचें आडनांव त्यावरून पडलें. विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेची दारू उडून मुलाच्या डोळ्यांना इजा झाली. औषधोपचारासाठीं मिरजेस आणलें. दृष्टि पुरती सुधारली नाहीं, म्हणून पुस्तकी शिक्षणाचा मार्ग खुंटला, आणि मिरजेच्या राजेसाहेबांनीं, बाळासाहेब पटवर्धनांनीं, त्याला बाळकृष्णबुवांच्या स्वाधीन केलें. १८९६ पर्यंत नऊ-एक वर्षें ही तालीम चालली. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघालें, तें या तालमीच्या बळावर. हा इतिहास आपणांस परिचयाचा आहे. तंतुवाद्यांच्या दृष्टीनें त्याची एक शाखा मात्र सहसा कोणी दाखवीत नाहीं. विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. आणि ओंकारनाथांजवळ शिकलेल्या एन्. राजम्, ज्या मूळच्या दक्षिणेकडच्या, कर्नाटक पद्धतीच्या व्हायोलिनमध्यें लहानपणापासून तयार झालेल्या. त्यांनीं ओंकारनाथांचें गाणें ऐकून आपलें सारें वादन नव्यानें घडविलें, आणि आज 'गायकी अंगाचें व्हायोलिन' म्हटलें कीं त्यांचें नांव पुढें येतें. मिरजेंत एका अधू दृष्टीच्या मुलानें घोकलेला ख्याल असा फिरत फिरत एका तमिळ मुलीच्या गजावर येऊन बसला.

कुरुंदवाडचेच दुसरे वादक दामोदर केशव दातार. जन्म १९३२. वडील केशवराव हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे पुन्हां गाण्याचेंच घर. व्हायोलिन शिकले विघ्नेश्वर शास्त्रींकडे; पण ज्यांच्या मागें बसून त्यांनीं खरा अभ्यास केला ते विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय, आपले डी. व्ही. पलुसकर. साथ करणें ही एक निराळीच शाळा आहे. गवई जी जागा आतां घेणार ती त्याच्या तोंडून निघेपर्यंत साथीदाराला ठाऊक नसते. ती निघतां निघतां ओळखून, तिच्या पाठोपाठ, तिला न झांकतां उमटवावयाची. दातारांच्या वादनांत जो एक सोज्वळपणा होता, गजाचा आवाज कोठेंहि खरखरत नसे, तो मला त्या साथींतून आलेला वाटतो. १९५५ सालीं ऐन चौतिसाव्या वर्षीं डी. व्ही. गेले. दातारांना पुढें संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २००४ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ च्या ऑक्टोबरांत त्यांचें निधन झालें. गोमंतकांतून आलेले श्रीधर पार्सेकर आणि कलकत्त्यास स्थायिक झालेले विष्णु गोविंद जोग हींहि त्याच पिढीचीं नांवें. जोगांच्या वाजविण्यांत गळ्याबरोबर तंतकारीची, म्हणजे छेडून वाजवावयाच्या वाद्यांची चंचलता होती. त्यांचें आणि बिस्मिल्लाखांचें सहवादन ज्यांनीं ऐकलें ते त्याची आठवण सांगतांना अजून हात हलवून दाखवितात.

एवढ्या मध्यमवर्गीय घरांतून व्हायोलिनच कां निघालें ? सारंगी कां नाहीं ? सारंगी तर गळ्याच्या सर्वांत जवळची. याचें उत्तर संगीतांत नाहीं, समाजांत आहे. सारंगी कोठ्यावर वाजे, म्हणून ती वाजविणाऱ्याला सभेंत मागें बसावें लागे आणि मान नसे. विलायतेहून आलेल्या वाद्याला असा कलंक नव्हता. ब्राह्मणाच्या किंवा सारस्वताच्या मुलानें व्हायोलिन धरलें तर शेजारी हंसत. सारंगी धरली असती तर त्यांनीं दार लावून घेतलें असतें. त्यांत आणखी एक कारण घडलें, आणि तें आपल्या या नभोवाणीचेंच. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे स्वर ठोकळ, तिला मींड नाहीं, असा आक्षेप. साथीला दुसरें कांहीं हवें, तेव्हां केंद्राकेंद्रांतून सारंगिये आणि व्हायोलिनवादक नेमले गेले. ती बंदी योग्य होती असें मी म्हणणार नाहीं. कित्येक उत्तम पेटीवादकांची त्यांत उपेक्षा झाली. पण व्हायोलिनला तिनें महिन्याचा पगार दिला, आणि पगार मिळूं लागला कीं वडिलांचा विरोध बराच मावळतो.

ठोकळ स्वरांचा हा वाद सांगलीला नवा नव्हता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुति खरोखर कोठें आहेत, हें तार मोजून ठरविण्याचा त्यांना ध्यास लागला, आणि १९१० सालीं त्यांनीं त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलकी नोकरींतले क्लेमंट्ससाहेब त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांनीं श्रुतींची पेटी तयार करविली. पण मोजावयाला आधीं कोणाचा तरी गळा हवा. तो मिळाला अब्दुल करीमखांसाहेबांचा. १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत त्या पेटीवर कडाक्याचा वाद झाला आणि गवई मंडळींनीं ती नाकारली. डेप्युटी कलेक्टरांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. परंतु श्रुति ही मोजून ठेवावयाची वस्तु नसून जातां जातां स्पर्श करावयाची जागा आहे, हें परिषदेंतल्या गवयांना त्यांच्याहून अधिक कळत होतें.

करीमखांसाहेब विष्णु दिगंबरांच्याच वयाचे, १८७२ चे. जन्म उत्तरेंत कैराण्याचा. घरांत सारंगी होती, बीन होती. स्वतः खांसाहेब बीन वाजवीत, आणि त्यांच्या गाण्यांतला तो संथ, एकेका स्वराला कुरवाळीत जाणारा आलाप बिनेच्या वळणाचा आहे, हें जाणत्यांनीं वारंवार सांगितलें आहे. म्हणजे औंधास गळ्यांतून वाद्य घडलें, आणि मिरजेस वाद्यांतून गळा घडला. खांसाहेब मिरजेस स्थायिक झाले. १९३७ सालीं मद्रासकडच्या प्रवासांत एका लहानशा रेल्वे स्टेशनावर त्यांनीं देह ठेवला, आणि त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत दफन केलें. दर वर्षीं तेथें उरुसांत देशभरचे कलावंत हजेरी लावतात.

खांसाहेब मिरजेस रमले याला दर्गा हें कारण होतेंच; पण तंबोरे हेंहि कारण असलें पाहिजे असें मला वाटतें. वाद्य दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता, आणि त्यासाठीं लागणारीं हत्यारें ते जवळ बाळगीत. आणि वाद्य कोठें दुरुस्त करावें, तर मिरजेस ! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनीं तेथें तंबोरे बनविण्यास आरंभ केला. हीं मंडळी शिकलगार. शस्त्रांना धार लावणें हा त्यांचा मूळ धंदा. तलवारींची मागणी सरली, तेव्हां त्याच हातांनीं घोडीवर कानस चालविली. सोलापूर जिल्ह्यांत पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकणारे मोठे भोपळे, तूनीचें लांकूड, हाडाची किंवा शिंगाची घोडी, इतकीच सामग्री. खरें काम शेवटीं येतें. तें जवारीचें. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदीं सूक्ष्म उतार द्यावयाचा असतो. तार त्या उतारावरून सुटतांना क्षणोक्षणीं घोडीला स्पर्श करते आणि एका स्वराऐवजीं स्वरांचा पुंजका झंकारत राहतो. तारेखालीं एक दोरा घालून तो केसभर मागें-पुढें सरकविला कीं झंकार उमलतो किंवा मावळतो. एकदां मिरजेंतल्या सतारमेकर गल्लींत मी एका वृद्ध कारागिराला जवारी काढतांना पाहिलें. कानशीचे दोन हात, मग तार चढविणें, कान लावणें, तार उतरविणें, पुन्हां दोन हात. अर्धा तास हें चाललें होतें. त्यानें तोंडानें षड्जहि लावला नाहीं. मीं विचारलें, आपण गातां का ? तो म्हणाला, "गाणारे येतात, आम्ही ऐकतों." या कारागिरांना आपण वादकांच्या यादींत कधीं धरीत नाहीं. पण अंतुबुवा, विष्णु दिगंबर, करीमखां यांच्या शिष्यांच्या कानांत पहिला षड्ज ज्यांनीं घातला त्यांत हे होते.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. आनंदाची गोष्ट आहे. मात्र विजेवर चालणारी तंबोऱ्याची डबी आणि आतां तर खिशांतल्या फोनमधला तंबोरा यांनीं पुष्कळ घरांतून खऱ्या तंबोऱ्याला हांकलून दिलें आहे, आणि कारागिरांचीं मुलें दुसऱ्या नोकऱ्या शोधीत आहेत. डबीचा षड्ज कधीं उतरत नाहीं, हा तिचा गुण सांगतात. मला तोच तिचा दोष वाटतो. हवा पालटली, ऊन चढलें, कीं तंबोरा उतरतो. तो पुन्हां लावतांना मुलाचा कान तयार होतो.

सारेच वादक अशा घरांतून आले, असें मात्र कोणीं समजूं नये. गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत. तेथून निघालेले मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत आले. त्यांना कागदावरचा स्वर क्षणांत वाजवितां येई, आणि तरीहि हिंदुस्थानी रागांचा त्यांना एवढा लोभ जडला, कीं रागांवर आधारलेल्या रचना त्यांनीं मोठ्या वाद्यवृंदासाठीं लिहून काढल्या. पुढें नांवाजलेले प्यारेलाल त्यांच्याच हाताखालीं व्हायोलिन शिकले. अमृतसरच्या भूपिंदरसिंगांचें तर याहून उलट. वडील संगीताचे प्राध्यापक, शिस्तीचे इतके कडक, कीं मुलाला संगीताचाच वीट आला होता. तो पुन्हां वळला तो गिटारीमुळें. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' मधल्या गाजलेल्या गीतांतली गिटार त्यांची. आणि ते गातहि असत, हें सांगावयास नकोच.

तेव्हां ज्या वडील मंडळींच्या प्रश्नावरून मीं आरंभ केला, त्यांना माझी एक सूचना आहे. मुलाच्या हातची गिटार काढून घेऊं नये. एखाद्या सुटींत तिच्यासकट त्याला मिरजेस न्यावें, सतारमेकर गल्लींत तासभर बसूं द्यावें. दिवाळीच्या सुमारास औंधास शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरतो, १९४० पासून भरत आला आहे. गजाननबुवांच्या शिष्यशाखेनें तो चालू ठेवला आहे. तेथें तिकीट लागत नाहीं. रात्रभर गाणें ऐकून मुलगा घरीं परतला, म्हणजे गिटारीच्या सहा तारा त्यानें एकदां षड्ज-पंचमांत लावून पाहाव्या. मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकडा फिरवावयाचा असेल तर जाड तारा घालाव्या लागतील आणि त्या उंच उचलाव्या लागतील. त्याचा खर्च फार येत नाहीं.